एका ताटाचं घर

ता. १६ ऑगस्ट ६१

दिवसभर भुरभुर. डेपोतली सागाची लाकडं भिजून काळी झाली. सालीचा वास सदऱ्याला लागला तो थेट घरापर्यंत आला.

रेंजरसाहेब आज खुशीत. म्हणाले, "नाक्याजवळची वॉचमनची खोली दिवाळीनंतर खाली होते. तू एकटाच. घेऊन टाक. पण दिवाळीपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला देतो."

खोली पाहून आलो. एक खाट, एक पेटी, एक चूल. चौथी वस्तू आणली तर माणसाला बाहेर उभं राहावं लागेल.

आवडली मला.

ता. १९ ऑगस्ट

आई चैत्रात गेली. फळीवरची भांडी तिनं ठेवली तशीच आहेत. शिजवायचे पितळी गंज, पाण्याचे तांब्याचे गुंड, परात, गडवे. सगळा तिच्या लग्नातला आहेर, ज्यानं दिला त्याचं नाव भांड्यावर कोरलेलं. दर दिवाळीला चिंच लावून घासायची. वाचता येत नव्हतं, पण कोणतं कोणाचं हे बोटानं सांगायची.

माझी शाळा दुसरीत सुटली. पुढची अक्षरं ह्या भांड्यांवरच शिकलो. "चि. सौ. कां." म्हणजे काय हे मात्र किती वर्षं कळलं नव्हतं. मला वाटे, बाईचं नावच तसं आहे.

संध्याकाळी भाकर खात होतो. उंदरानं गडवा पाडला. मी म्हटलं, "काय पाहिजे?" म्हणजे आईला. तोंडातला घास तसाच.

हे आता रोज व्हायला लागलं.

ता. २४ ऑगस्ट

रामधन म्हणजे डेपोतला माझा जोडीदार. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याला खोलीचं सांगितलं, आणि सामान कमी करायचं डोक्यात आहे तेही. त्याला आवडलं.

"आमच्या आज्याचं घर एका बैलावर मावे. बाकीच्या बैलायवर मीठ. संध्याकाळी उतरलं का घर, सकाळी लादलं का गेलं."

मी म्हटलं, मग सुखीच असेल तो.

"आजा सुखी होता ना. आजीले कोनं इचारलं?" आणि बिडी पेटवून हसत बसला.

झोपताना मोजदाद केली, खरंच काय लागतं मला. जर्मनची एक थाळी. एक तांब्या. एक गंज. वाकळ, घोंगडी, दोन कपडे. कंदील. ही वही. एवढंच आठवलं, आणि बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी लवकर झोप लागली.

ता. २८ ऑगस्ट

ठरवलं. विकायचं नाही. भांड्यावर ज्याचं नाव, त्याच्या घरी भांडं परत. कोणाचं देणं नाही, कोणाचं घेणं नाही, आणि मोडीत काही गेलं नाही.

पहिला गुंड गोदामायचा. आमच्या भिंतीला भिंत तिचं घर. तिच्या सासऱ्याचं नाव आहे त्यावर. रिकामं भांडं कोणाच्या दारात कसं न्यायचं, म्हणून आत ओंजळभर ज्वारी टाकली. दिला. तिनं ज्वारी ओतून घेतली. मला वाटलं, सोपं आहे.

ता. ३० ऑगस्ट

गुंड परत आला. आत उकडलेल्या शेंगा.

"गोदामाय, हे काय?"

"तू भरून आनलं, मी रिकामं देऊ काय? लाज आनतं का मले?"

शेंगा खाल्ल्या. गुंड फळीवर.

ता. ३ सप्टें.

तीन घरी परात, गंज, गडवा नेला होता. ज्वारी घालून. तिन्ही परत. परातीत वाळकं, गंजात मुगाच्या वड्या, गडव्यात ताक. रामधन पोट धरून हसला. "अजून दोन गुंड फिरव, तुले सैपाकच करा नाही लागत."

हसण्यावारी गेलं, पण एक गोष्ट लिहून ठेवतो. आई गेल्यापासून घरात इतकी माणसं आली नव्हती. ताक घेऊन आलेली त्या घरची सून तर उंबऱ्यावर बसून घटकाभर बोलली. गेली तेव्हा उंबरा तेवढाच ओला राहिला, तिचे पाय पावसाचे होते.

ता. ६ सप्टें.

चूक लक्षात आली. भरून दिलं की ते उसनं होतं. कायमचं द्यायचं तर रिकामंच द्यावं लागेल.

रिकामी नेली सगळी. डेपोची सुट्टी होती. लोकांनी घेतली, पण कोणी बस म्हटलं नाही. थोरल्या काकाच्या घरी काकूनं परात आत नेलीच नाही, ओट्यावर पालथी घातली. काका म्हणाला, "काहून? संबंध तोडून राह्यला काय आमच्यासंग?"

मी म्हटलं, नाही काका, मी खोलीवर जाऊन राहतो, जागा नाही.

"जागा भांड्यायले नाही लागत," म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला.

शेवटी आईचं ताट. पितळेचं, काठाला वेल. त्यावर नाव नाही कोणाचं, तिनं स्वतः मजुरीतून घेतलेलं. कोणाला द्यायचं ते कळेना. गोदामायला दिलं. ती म्हणाली, "घेत नाही मी. ठेवून घेते." गुंडही ठेवून घेतला.

फळी रिकामी. भिंतीवर भांड्यांमागे धूर पोचला नव्हता, तिथं गोल गोल पांढरे डाग राहिलेत.

ता. ८ सप्टें.

घर शांत. उंदरालाही पाडायला काही नाही. झाडायला वेळ लागत नाही, शोधायला काही नाही. हलकं वाटतं. हे खरं लिहितो, उगाच नाही.

कोणाशी बोललो नाही आज. डेपोतही रामधनची पाळी वेगळी होती.

ता. १२ सप्टें.

पोळा झाला. शेवंता आली! निरोप नाही, काही नाही, सासरहून ढाणकीच्या मोटरनं दुपारी उतरली. चार दिवस राहणार म्हणाली, सासूनं स्वतःहून पाठवलं.

मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती पायलीएवढी होती, मी कडेवर घेऊन फिरलोय तिला. तरी घरात शिरली आणि फळीकडे पाहिलं, तेव्हा मला आपण काही फोडल्यासारखं झालं.

"दादा, चोरी झाली काय?"

सांगितलं सगळं. खोलीचंही. ऐकून घेतलं तिनं. "बरं केलं," म्हणाली. मग चूल पेटवायला बसली.

ता. १४ सप्टें.

छत्री विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. शेवंता चुलीपाशी जेवत होती. गंजाच्या झाकणात. झाकणाच्या कडीपाशी भाजी, बाजूला भाकर, एका हातानं ते झाकण धरून.

"ताटात काहून नाही घेतलं?"

"तुह्यं ताट हाये ते, दादा."

तीन दिवस ती मला वाढून थांबायची. मला वाटे, बायका मागून जेवतात, तसं. माझी थाळी धुऊन पालथी टाकून मग ही झाकणात.

मी म्हटलं, गोदामायकडून आईचं ताट घेऊन येतो, आत्ता. "नोको," म्हणाली. "देल्लं ते देल्लं." मग माझ्याकडे न पाहता, "सासरी मी साऱ्यायच्या मांगून जेवतो. इथं आली का आई मले पहिले वाढे. त्या ताटात. तुह्याही पहिले वाढे, तुले आठवत नसन."

आठवतं. मला राग यायचा तेव्हा.

छत्री न घेताच गेलो.

ता. १५ सप्टें.

शेवंता गेली. एक दिवस आधीच. मोटरपाशी मी पिशवी धरली होती. म्हणाली, "खोलीवर एक खाट हाये म्हणे."

हो म्हटलं.

"मंग मी आली तं झोपाची कोठी?"

मोटर सुटली तेव्हा मला उत्तर सुचलं, की मी बाहेर झोपेन. पण ती तेवढंच विचारत नव्हती.

ता. २ ऑक्टो.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही. कामावर जाणं, येणं, भाकर, झोप.

कमी असावं, हे मला अजून पटतं. आईची भांडी डोक्यावर घेऊन मला जगायचं नाही. पण मी आपलं कमी करायला निघालो आणि शेवंताचं कमी केलं. ती सासरी गेली तेव्हा ह्या घरातलं तिनं काही मागून नेलं नाही. आहेच ना तिथं, असं समजून गेली. ते मला…

रामधन म्हणतो, मोठा माणूस झाला तू, फार विचार करतं.

ता. १९ ऑक्टो.

रेंजरसाहेबांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत वेळ आहे ना साहेब. ते म्हणाले, "एवढा काय विचार? तुझ्याकडे न्यायला आहे काय?"

ता. १ नोव्हें.

गोदामाय आली. हातात आईचं ताट, वर फडकं, खाली करंज्या. सुतकाचं वर्ष, आमच्याकडे यंदा तळण नाही, म्हणून शेजारचा फराळ. गोदामायच्या घरी तो दिवाळीच्या आधीच केला, कापूस वेचणीला जायचं आहे सगळ्यांना.

"ताट परत आनाची घाई नोको करू, नामदेवा."

मी म्हटलं, रिकामं कसं आणणार?

"तं भरून आन. तुह्या घरी भराले काय हाये ते मले मालूम हाये." आणि हसत गेली. जाताना फळीला हात लावून पाहिला, धूळ आहे का ते.

ता. ४ नोव्हें.

ताट परत केलेलं नाही. करंज्या रामधनला दिल्या बऱ्याचशा.

ढाणकीच्या मोटरवरच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला. काय सांगू ते त्याला समजेना. म्हटलं, एवढंच सांगा, भाऊबीजेला ये, ताट आहे.

"कोणतं ताट?"

"तिले समजते."

ता. ६ नोव्हें.

ड्रायव्हर भेटला. निरोप पोचला म्हणाला. काय बोलली? "काही नाही. पदर होता तोंडावर. पाणी पाजलं मले."

साहेबांना उद्या सांगतो म्हटलं. उद्या सांगतो हे मी परवाही म्हटलं होतं.

ता. ९ नोव्हें. भाऊबीज

डेपोत अर्धा दिवस मागून घेतला. साहेब म्हणाले, खोलीचं आज नाहीतर नाही. संध्याकाळी येऊन सांगतो म्हटलं.

ताटाला चिंच लावली. आई किती जोर लावायची कोण जाणे, माझ्यानं काठावरचा वेल नीट निघाला नाही. गोदामायकडून ओवाळणीसाठी पाट उसना आणला, रिकामाच. तिनं रिकामाच दिला. पाटाचं काही नसतं म्हणाली.

भात, वरण केलं. वरण करपलं थोडं. चुलीपुढं ताट मांडलं, बाजूला माझी थाळी. झाकण गंजावर आहे, जिथं असायला पाहिजे तिथं.

आता थोडं लिहीत बसलो, हाताला काही तरी पाहिजे म्हणून. मोटरचा भोंगा वाजला. आपल्या वेशीत ती उगाच थांबत नाही, कोणी उतरायचं असलं तरच. इंजिनाचा आवाज बारीक झाला. काकाच्या घरीही येणार होते कोणी पाहुणे.

थांबली.

उठून पाहतो.