मणके मागवले, मणी आले

परवा सकाळी ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होते, तेवढ्यात तुमचा फोन: "वहिनी, पाठ धरलीय. उद्याचा विज्ञानाचा तास तुम्ही घ्या." तेव्हा वन्सं, आधी नमस्कार, आणि तो पडूनच घ्या. पाठ कशी आहे? (बादली वाकून उचलू नका, हे तुम्हाला कितीदा सांगितलं. पण शिक्षिकेला कोण शिकवणार!)

तुमचा बेत साधा होता. मुलांनी जेवणातली हाडं धुऊन आणायची आणि ओवून प्राण्याचा कणा करायचा. मी शेजारच्या पोरीकडून वर्गाला निरोप धाडला: "मणके आणा, ओवायचेत." ओवायचेत म्हटल्यावर आयांनी दुसरं काय समजावं? वर्गभर मणी! काचेचे, लाकडी, तुटक्या माळांचे. त्यात हेडसर दारात. "बाई, विज्ञान चाललंय की दागिन्यांचं दुकान?"

"मणकेच आहेत सर," मी म्हटलं, "जनावर जरा हौशी आहे."

ते हलेनात, म्हणून शिकवावंच लागलं. (तुमचे दादा गेल्यापासून दुपार सरत नाही. इथे राहिलेल्या तुमच्या कपाटातली पुस्तकं वाचून काढलीत, रागावू नका.) उंदराच्या मानेत मणके सात आणि जिराफाच्याही सातच. पोरांनी आपापल्या माना चाचपल्या. मग बारीक मण्यांचा उंदीर, थोरल्या मण्यांचा जिराफ. उंदराच्या शेपटीतच निम्मे मणी संपले. दोन मणक्यांमध्ये चकती हवी, नाहीतर हाडावर हाड घासतं (तुम्हाला काय सांगायचं!). चकत्या आणायच्या कुठून? माझ्या पर्समध्ये दादांच्या कोटाची बटणं होती. कोट देऊन टाकला, बटणं देववली नाहीत, तेव्हापासून घेऊन फिरते. मोठी तेवढी जिराफाला दिली.

"आजी, ही बटणं कुणाची?" एका मुलीने विचारलं.

"एका ताठ मानेच्या माणसाची."

हेडसर म्हणाले, जिराफ वर्गातच राहू दे. मी "बरं" म्हटलं. पण घरी आल्यावर पर्स फार हलकी लागली. असले उद्योग पुन्हा माझ्या गळ्यात घालू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. लवकर बऱ्या व्हा, असं वर लिहायचं राहिलं. राहू दे. आठवडाभर तरी उठू नका. पुढचा धडा पंखांचा आहे, मी वाचून ठेवलाय.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून हेही कळवते. आज बटणं परत आणायला शाळेत गेले. जिराफ खिडकीत मान वर करून टांगलेला होता. बाह्यांची छोटी बटणं उरली होती, ती उंदराला देऊन आले.