हागोपचं ताट

पिस्कॅटवे, ३० मे २००४

ती. सुहासिनीताईस, शैलूचा सा. न.

अनयाच्या होणाऱ्या सासरी जेवून आलो. माझा शंतनू गेल्यापासून आमच्या घरात पहिल्यांदाच काही शुभ घडतंय. अरामची आजी नव्वदीपुढची, पण नजर अशी की माझ्या साडीच्या निऱ्याही मोजल्या असतील.

परवा त्या आर्मेनियन लोकांचा सरदारपाटच्या लढाईचा दिवस होता. १९१८ साली तुर्की फौज चालून आली, तेव्हा चर्चच्या घंटा वाजतच राहिल्या आणि शेतकरी, पाद्री, बायकासुद्धा लढायला गेल्या. जिंकले, म्हणून आर्मेनिया उरला. आजीचा थोरला भाऊ हागोप मात्र परतला नाही.

टेबलावर त्याच्या नावाचं भरलेलं ताट होतं. मला वाटलं, हे तर आपल्यासारखंच. जेवणं झाल्यावर मी आपणहून ते उचललं, अंगणात कावळ्यासाठी ठेवलं आणि हात जोडले. वळले, तर आजी उठून खोलीत गेली. माझं काय गं चुकलं? लोभ असावा.

तुझी शैलू

अर्विंग, ९ जून

चि. सौ. शैलूस अनेक आशीर्वाद.

नको तिथे पुढे पुढे करायची तुझी खोड साठीतही जात नाही! अनयाचा फोन आला होता. ते ताट मेलेल्याचं नव्हतंच. हागोपचं प्रेत सापडलं नाही, म्हणून तो भुकेला येईल या आशेनं आजी दर वर्षी ताट मांडते. तू त्याला मारून आलीस, असं ती म्हणते. तिच्या संमतीशिवाय अराम लग्नाला उभा राहणार नाही. जा आणि पाय धर तिचे. माझे गुडघे बरे आहेत. तब्येतीला जप.

तुझी ताई

पिस्कॅटवे, २७ जून

ताईस सा. न.

गेले, पाय धरले. आजीनं मला जवळ बसवलं. शंतनूचंही काही सापडलं नाही, हे तिला अनयाकडून कळलं होतं. त्याचं ताट कुठे मांडतेस, असं तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. विमानं आदळून त्याच्या ऑफिसचे टॉवर पडले, त्याच महिन्यात दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस केले, पान कावळ्याला ठेवलं. तिनं माझा हात सोडला. जिथे आई मुलाची वाट बघत नाही, त्या घरातली मुलगी नको म्हणाली. लग्न मोडलं. आजीचं बरोबर आहे, असं अनया मला तोंडावर म्हणाली.

ताई, मला तेव्हा ते नकोच होतं. त्याला गती मिळायला हवी म्हणत तूच भटजींना बोलावलंस. कावळा शिवेना, सीगल आले, तर तेही चालतील म्हणालीस. त्या बाईनं जन्मभर वाट पाहिली. मला तुम्ही महिनाभरही पाहू दिली नाही. याचा मला तुझा फार राग येतो.

कालपासून मी शंतनूचं पान मांडते.  दिवाळीला आलीस, तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसू नकोस. ती त्याची आहे.

‘लोभ असावा’ असं या वेळी लिहीत नाही.

शैलजा