रुनसारला चार दिवस

१२ मार्च २००६, रविवार. दर्यापूर

पोहोचले एकदाची. सोलापूरहून गाड्या बदलत अकोला आणि तिथून एस.टी.नं दर्यापूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि तिच्यावर वाळून उभी असलेली कापसाची पऱ्हाटी. शेजारच्या म्हाताऱ्यानं पुढचा थांबा यायच्या आत माझं गाव, वडिलांचा धंदा आणि लग्न काहून झालं नाही, सगळं विचारून घेतलं. मग अर्धं संत्रं सोलून हातावर ठेवलं. इथली माणसं अशीच असतील तर माझं जमेल.

उर्दू शाळेत मराठीच्या बाई रजेवर गेल्यात, त्यांच्या जागी मी. रोज थोडं मराठीत लिहीत जा, भाषा हातात राहते, असं बी.एड.ला सांगितलं होतं. म्हणून ही रोजनिशी.

खोली शफीक चाचांच्या दुकानावर आहे. खाली गाद्या-रजया भरतात. यंत्र सुरू झालं की जिना थरथरतो आणि कापसाचे तंतू माझ्या खिडकीपर्यंत उडत येतात. गुलनार चाचीला मुलगी नाही. तिनं पहिल्या तासातच ठरवून टाकलं की जेवण खाली, तिच्याबरोबर. चाचांचं गाऱ्हाणं एकच. पूर्वी लग्नाला लोक नव्या रजया शिवायचे, आता जुनीच पिंजून नेतात. कापसाच्या मुलखात कापूस परवडत नाही म्हणतात.

२१ मार्च

मैत्रीण मिळाली. आकांक्षा. दवाखान्यात नर्स आहे, मागच्या गल्लीत राहते. भावाची रजई आणखी जाड भरून द्या म्हणून दुकानात आली होती. उन्हाळा तोंडावर आलाय आणि रजई कसली, म्हणून चाचीनं तिची चेष्टा केली. ती हसली नाही.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. तिनं विचारलं, तुले सगळ्यात जास्त काय पाहावंसं वाटते. मी म्हटलं, बर्फ. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एक कॅलेंडर होतं. त्यावर डोंगर, खाली दगडी छपरांची चार घरं आणि धूर. सुट्टीत एकदा तरी तसल्या गावात जाऊन राहायचं, हे मी शाळेत असल्यापासून ठरवलंय. तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. मग म्हणाली, आमचा श्याम, माझा भाऊ, अशा गावाला जाऊन आलाय. त्याच्याकडे तिथला नंबर आहे.

२ एप्रिल

आज आकांक्षाच्या घरी गेले. श्याम संत्र्यांचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा. हिवाळ्यात एका ड्रायव्हर दोस्ताबरोबर त्याच्या डोंगरातल्या गावी गेला होता. गावाचं नाव रुनसार.

तो गच्चीवर भर उन्हात बसला होता. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायावर रजई. मला चपला काढून फरशीवर पाय ठेववेना, इतकी ती तापली होती, आणि त्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मलेरिया उतरत नाही, असं आकांक्षा म्हणाली.

बोलला मात्र छान. जर्दाळूची झाडं, उतरत्या छपरांची घरं, आणि पाहुण्यांना ठेवतात ते एक मोठं घर, ज्यातली चूल वर्षभर विझू देत नाहीत. ऐकताना मला सगळं दिसत होतं. त्यांचे वडील नत्थुजी मध्येच उठून खाली गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नंबर देताना श्याम म्हणाला, "म्याडम, फोन तुमी स्वतः करजा. नाव बी तुमचं तुमीच सांगजा."

६ एप्रिल

बेत पक्का झाला. शाळा संपली की अकोल्याहून भुसावळ, तिथून दिल्ली, मग काठगोदाम आणि पुढे जीप. तिथं चार दिवस. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. शाळेच्या बायकांबरोबर जाते म्हणेन.

दुकानातल्या फोनवरून रुनसारला लावला. सोलापूरचा लागत नाही इतका साफ लागला. एका माणसानं उचलला आणि नाव विचारलं. मी सांगितलं, सबीहा. पहिल्यांदाच येताय का, म्हणाला. हो म्हटलं, चार दिवसांसाठी. तो म्हणाला, सगळे चारच दिवस म्हणतात. मग विचारलं, श्यामनं पाठवलं ना? हो म्हटल्यावर म्हणाला की श्यामला सांगा, आता तो मोकळा.

डोंगरातल्या लोकांची बोलायची रीत असेल. मला तर आत्ताच निघावंसं वाटतंय.

११ एप्रिल

अंगात काहीतरी मुरतंय. वर्गात मुली वह्यांनी वारा घेत होत्या आणि माझ्या हातातला खडू थरथरत होता. पंखा बंद करा म्हटलं तर सगळा वर्ग हसला. चाचीनं सुंठ घालून चहा दिला. घशाखाली गेला तो गारच.

येताना चौकात श्याम दिसला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात उसाचा रस, गळ्यावरून घाम निथळत होता. बरा झालेला पाहून मी आनंदानं हाक मारली. माझ्याकडे पाहून त्यानं अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि घाईनं निघून गेला.

१८ एप्रिल

आकांक्षाला बोलावून घेतलं. तिनं थर्मामीटर लावला, पाहिला, झटकला, पुन्हा लावला. असं पुष्कळदा केलं. मी विचारलं किती आहे. मशीनच खराब असेल म्हणाली आणि पर्समध्ये टाकला. माझ्या मनगटाला लागलेली बोटं तिनं साडीला पुसली.

बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही इतकं ऊन आहे. मी खिडकीत उन्हात बसून हे लिहिते आहे. श्वास सोडला की वाफ दिसते.

२३ एप्रिल

जाणं रद्द. या अंगानं प्रवास होणार नाही. ते सांगायला रुनसारला फोन केला. त्याच माणसानं उचलला.

तो शांत होता. म्हणाला, येणं रद्द होत नसतं, उशीर होतो फक्त. तुम्ही अर्ध्या तर पोहोचलात. तुमच्यातली ऊब आली आहे, चुलीपाशी आहे. बाकीच्या तुम्ही राहिलात. मी विचारलं, हा काय प्रकार आहे. तर म्हणाला, थंडीच्या दिवसांत त्या घरात कुणीतरी चुलीपाशी बसावं लागतं. गावातली माणसं कधीच संपली.

त्याच्या मागे एक बाई खोकली. लगेच मलाही खोकला आला. अगदी तसाच.

२५ एप्रिल

दुपारी आकांक्षाच्या घरी गेले. नत्थुजी दार अडवून उभे राहिले. घरात कोणी नाही म्हणाले. आतून श्यामच्या हसण्याचा आवाज येत होता. मी तिथंच ओट्यावर बसले. शेवटी ती बाहेर आली.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

तिनं मान खाली घातली नाही. सरळ सांगितलं. श्याम तिथं एक रात्र राहिला, परत येईन असं बोलून आला, आणि घरी आल्यावर थंडी सुरू झाली. रजयांवर रजया घातल्या. अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. मग तिकडून फोनवर निरोप आला. तू येत नसशील तर दुसरं कुणी पाठव, पण त्यानं आपल्या तोंडानं नाव सांगितलं पाहिजे.

"तो एकच भाऊ हाय मले," ती म्हणाली. "तू बाहेरगावची. इथं तुले रडणारं कोणी नव्हतं. अन् तुले बर्फ पाहाची हौस होती."

एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मला रागही नीट आला नाही. रागालाही अंगात थोडी ऊब लागत असावी.

२८ एप्रिल

सोलापूरला निघाले. चाचांनी स्टँडवर बसवून दिलं. कंडक्टरनं विचारलं, कुठं? अकोला म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, रुनसार. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा रुनसार. लोक वळून पाहायला लागले. कागदावर लिहून द्यावं म्हणून पेन काढलं, तर हातानंही तेच लिहिलं. कंडक्टर वैतागला, बाई, खाली उतरा, टाइम काहून खाऊन राहिल्या. मी उतरले.

अम्मीला फोन करावा तर तिच्या नंबरावर तोच रुनसारचा माणूस बोलतो.

३० एप्रिल

चाची दुकानातल्या रजया वर आणते, एकीवर एक. शाल, गरम विटा, मोहरीचं तेल. माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसते आणि तिचे दात वाजायला लागतात, तरी सोडत नाही.

चाचा दाराशी उभे होते. म्हणाले, "रजई गरमी देत नाही, बेटी. असलेली धरून ठेवते."

मग त्यांनी तोंड फिरवलं.

मी दोघांना सगळं सांगितलं. श्याम, फोन, नाव. चाचांनी विश्वास ठेवला. चाची म्हणाली, तापात माणूस असंच बरळतं. मी म्हटलं, चाची, मला ताप नाही. तोच तर नाही.

२ मे

बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा. दुपारची वेळ. बोट लावलं तर काचेसारखा मोडला.

खोलीत ओल्या लोकरीचा आणि लाकडाच्या धुराचा वास. चाचीलाही येतो. आता ती बरळणं म्हणत नाही.

चाचांनी फोनची वायर उपटून टाकली आहे.

३ मे

फोन वाजला. वायर नसताना. चाची धावली, मी जिन्यावरून ओरडले, उचलू नका. मीच उचलला.

तो खुशीत होता. म्हणाला, दोन वाटा आहेत. ‘आले’ एवढं म्हण आणि ये. नाहीतर श्यामनं केलं तसं कर. तुला बेटी म्हणणारी आहे ना तिथं. तिच्याकडून नाव वदवून घे. तू मोकळी.

मी फोन ठेवला.

त्यानंतर बराच वेळ मी चाचीकडे बघत होते. ती तांदूळ निवडत होती. मी कशी बघत होते ते इथं लिहिणार नाही. तिनं मान वर केली आणि विचारलं, भूक लागली का?

नाही करणार. मी नाही करणार.

४ मे

चाचीला बजावलं. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही. शपथ घातली. हो हो म्हणाली. पण तिची सवय — दुकानात आलेल्या प्रत्येकाशी दहा गोष्टी बोलते — पाणी देते — माहेर बार्शीटाकळी, इथपासून सुरू करते —

नखं निळी. पेन धरवत नाही.

खिडकीतून आकांक्षा दिसली. गल्लीच्या तोंडाशी, दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत. वर पाहत होती. मी हात हलवला नाही. तीही नाही.

५ मे

डोळे मिटले की चूल दिसते. शेजारी पाट. पाटावर बसलेली मी. ती मी वळून पाहते —

बाहेर उन्हाची लू वाहते आहे. चाचांनी कूलर लावला खाली. वर माझ्या भिंतीला पांढरं, गोठलेलं दव.

६ मे. दुपार

चाचा कापूस आणायला गेले. चाची खाली एकटी.

गिऱ्हाईक आलंय. आवाज ऐकू येतो. हिंदी. रजई दाखवा म्हणतोय.

मे महिन्यात रजई —

तोच आवाज.

खिडकीतून पाहिलं. जाड कोट, वर टोपी. उन्हात उभा. सावलीत या म्हणते आहे चाची.

ओरडले. आवाज निघत नाही. घसा — वाफ फक्त. तांब्या जमिनीवर आपटला. चाची खालून म्हणाली, आले गं बेटी, एवढं गिऱ्हाईक बघून.

दरवाज्यापर्यंत गेले. पाय सरकत नाहीत. परत भिंतीला टेकून — हे लिहिते म्हणजे अम्मीला कुणी — अम्मी, मी कुणाला पाठवलं नाही. एवढं कळू दे.

तो विचारतो, दुकान केव्हापासून. घर कुठलं. चाची सांगते आहे. बार्शीटाकळी. चार भाऊ. हसते आहे.

तिनं त्याला पाणी दिलं.

आता विचारेल.

जिन्याच्या कठड्यावर अंग टाकलं तर घसरत खाली जाता येईल. एक शब्द बोलायचा आहे, ‘आले’. तेवढा घसा चालेल. चालायला हवा.

विचारलं त्यानं. आपलं नाव काय, माँजी —

चाचीनं तोंड उघडलं. मी जाते. तिच्या आधी मला