पोलादी की प्लास्टिकचं

बाबा,

मी पिस्तूल घेतलंय. तुम्ही असतात तर हे ऐकून आधी चष्मा काढला असतात, सदऱ्याच्या टोकानं पुसला असतात आणि मग विचारलं असतंत, "कशाला?" इथेही सगळ्यांनी हेच विचारलं. तुमच्या जावयानं विचारलं, ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, आणि तुमच्या नातीनं तर जेवता जेवता काटा खाली ठेवून विचारलं, "आई, वोत्सू?" कशासाठी म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनमध्येच. तिला उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं की मी तुमच्याबद्दलच बोलतेय, आणि जे तिला सांगतेय ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू असताना तुम्ही गेलात. तेव्हा आपलं बोलणं म्हणजे 'पोचलीस का' आणि 'जेवलीस का', एवढंच होतं.

आम्ही दोघं जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला असतो. दोघंही गाड्यांच्या कामातले, मी गिअरबॉक्सकडे आणि तो सॉफ्टवेअरमध्ये. गाव शांत आहे. रविवारी इतकं शांत, की पहिल्या वर्षी मला वाटायचं सगळे कुठे तरी निघून गेले आणि आपल्याला सांगायचं विसरले. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिच्या खेड्यातल्या नेमबाजांच्या जत्रेला नेलं. बँड, बिअर, हिरवे कोट घातलेली माणसं. तिथे एका तंबूत गंमत म्हणून एअर पिस्तूल चालवायला देत होते. मी हातात घेतलं आणि बाबा, हात आपोआप लांब झाला. खांदा खाली, मनगट कुलूप लावल्यासारखं. टार्गेटच्या कार्डावरची भोकं एकमेकांत मिसळली होती. मागे क्लबचे म्हातारे ट्रेनर उभे होते. त्यांनी कार्ड बघितलं, मग मला बघितलं, आणि म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी आमचा सराव असतो."

तो हात तुमचा. पोलीस लाइनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स, तिची ड्यूटी असली की भाकऱ्या तुम्ही करायचात. तुमच्या भाकरीला कधीच गोल आकार यायचा नाही, पण फुगायची झकास. तुम्ही परातीपाशी बसलेले, आणि मी समोर हात ताठ करून उभी, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. "हात थरथरला तर थरथरू दे," तुम्ही म्हणता, "त्याच्याशी भांडू नको. श्वास सोड, अर्धा ठेव." तव्यावर भाकरी पडते, तिला पाणी फिरवता, उलटता, आणि माझ्याकडे न बघता सांगता, "कोपर वाकलं." शेजारच्या काकू दारातून डोकावून विचारतात, "अहो, पोरीला काय शिक्षा करताय?" तुम्ही हसता. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात दिवसभर बंदुका दुरुस्त करून आलेला माणूस घरी येऊन मुलीला नेमबाजी शिकवतो, हे लाइनीत कुणालाच पटायचं नाही. मुलगी आहे, तिला काय फौजेत घालायचंय का, असं तुमचे साहेबसुद्धा म्हणाले होते. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशीही तांब्या भरलेलाच होता.

आणि ती जिल्ह्याची स्पर्धा. मी दहावीत. पहिल्या फेरीपासून पुढे होते. एक छर्रा असा बसला की टार्गेटचा मधला ठिपका नाहीसाच झाला. मी आनंदानं मागे वळले, तुम्हाला दाखवायला, आणि पिस्तूल हातातच होतं. तुम्ही प्रेक्षकांतून दोरी ओलांडून आलात. माझं मनगट धरून नळी जमिनीकडे केलीत, पिस्तूल काढून घेतलंत आणि पंचांना म्हणालात, "ही आता खेळणार नाही." पंच गडबडले. "अहो, छर्ऱ्याचं तर आहे. जाऊ द्या ना. पोरगी पहिली येतेय." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि तुम्ही शेजारी बसून होतात. घरी आल्यावर तुम्ही चहा टाकलात, मला दिलात, आणि पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल सांगितलंत, जो शस्त्रागारात तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. रिकामी समजून तो बंदूक साफ करत होता. "त्याच्या घरी सांगायला मलाच पाठवलं," तुम्ही म्हणालात. "दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं." त्या दिवशी मला वाटलं, संपलं, आता बाबा मला पिस्तुलाला हात लावू देणार नाहीत. सकाळी उठले तर तुम्ही ओट्याशी उभे. "चल, हात लांब कर." बाबा, त्या एका वाक्यासाठी मी आयुष्यभर तुमची ऋणी आहे. तुम्ही मला स्पर्धेतून काढलंत, पण माझा खेळ काढून घेतला नाहीत. दुसऱ्या कुणाही बापानं दोन्ही केलं असतं, आणि लाइनीतल्या सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली असती.

आता पिस्तुलाचं सांगते. इथे स्वतःचं पिस्तूल घ्यायचं म्हणजे वर्षभर नियमित सराव, परीक्षा, ऑफिसांच्या चकरा, आणि घरात भिंतीला पक्की बसवलेली पोलादी तिजोरी. इथे तिला वाफनश्रांक म्हणतात. ती तपासायला सरकारी माणूस न कळवता येऊ शकतो. तुम्हाला हे फार आवडलं असतं. एअर पिस्तूल झालं, छोट्या कॅलिबरचं, बारीक गोळीचं झालं, मग मी मोठ्याकडे, पंचेचाळीस कॅलिबरकडे आले. क्लबात त्याची दोन पिस्तुलं आहेत आणि सगळी मंडळी त्यांवरून दोन गटांत वाटलेली. एक जुन्या अमेरिकन घडणीचं, शंभराहून अधिक वर्षं फारसं न बदललेलं, सगळं पोलादी, जड. त्याला अंगठ्यानं खाली करायचा सुरक्षेचा खटका आहे, शिवाय मुठीच्या मागेही एक पट्टी आहे. तुम्ही ते नीट घट्ट धरलं नाही तर ते उडतच नाही. दुसरं नव्या पद्धतीचं, सांगाडा प्लास्टिकचा, हलकं. गंजत नाही, कुरकुरत नाही, वेगळा खटका नाही. चापातच एक लहानशी पट्टी आहे, ती बोटाखाली दाबली गेली की झालं.

अख्खा हिवाळा मी आलटून पालटून दोन्ही चालवली. तुमचा जावई इंजिनिअर माणूस. त्याला घरात पिस्तूल नकोच होतं, पण घ्यायचंच तर प्लास्टिकचं घे, म्हणाला. "सुटे भाग कमी, बिघाड कमी. शंभर वर्षांपूर्वीची गाडी चालवशील का तू?" त्याचं चूक नव्हतं. पण माझी बोटं तुमच्यासारखी आखूड. प्लास्टिकच्याची मूठ जाड, दोन रांगांत काडतुसं घेणारी, चापापर्यंत बोट पोचवताना पकड सरकायची. पोलादीची मूठ बारीक, हातात बसायची, आणि वजनामुळे धक्काही अंगावर कमी यायचा. मात्र त्याची काळजी घ्यावी लागते, तेल, पुसणं, स्प्रिंगा. ट्रेनरना विचारलं तर ते मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "दोन्ही चांगली." लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, रिव्हॉल्व्हर चांगलं की पिस्तूल? तुम्ही म्हणाला होतात, "जे साफ केलेलं असतं ते." त्या उत्तराचा मला अजिबात उपयोग झाला नाही बाबा, पण आठवून हसू मात्र आलं.

शेवटी मी तुमच्या जावयाला म्हटलं, तू एकदा ये, स्वतः चालवून बघ आणि मग बोल. पाहुण्यांना देखरेखीखाली चालवता येतं. तो आला. ट्रेनर एका बाजूला, मी दुसऱ्या. त्यानं प्लास्टिकचं घेतलं. मनगट सैल. दुसऱ्याच गोळीला रिकामी पुंगळी बाहेर न पडता वर अडकली, उभी. तो हसला आणि "अगं, हे बघ काय झालं," म्हणत माझ्याकडे वळायला लागला.

मी विचार केला नाही. माझा हात त्याच्या मनगटावर पडला आणि नळी पुन्हा टार्गेटकडे गेली. "चाप सोड. बोट बाहेर. तसाच उभा राहा." इतक्या थंड आवाजात मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. ट्रेनरनी मॅगझिन काढलं, पुंगळी पाडली, आतलं काडतूस काढलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं. "पाहुण्यांचं आज एवढंच," ते म्हणाले. ओरडले नाहीत. याचा चेहरा पांढरा पडला होता. बाहेर गाडीपाशी आल्यावर मी फुटपाथवरच बसले.

घरी येताना मला वाटलं, झालं, आता हा विषय बंद. मग सिग्नलला थांबल्यावर मनगट चोळत म्हणाला, "मोडलं असतंस."

"मोडू दिलं असतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. "मला आजवर पिस्तुलाची भीती वाटायची," तो म्हणाला, "आज माझीच वाटली." आणि थोड्या वेळानं, "तिजोरी बेडरूमच्या भिंतीला लावू, की तळघरात?"

मी पोलादी घेतलं. आखूड बोटांचं कारण खरंच आहे. पण दुसरंही एक आहे: ते माझ्याकडून दर वेळी दोन गोष्टी जास्त करून घेतं, आणि त्या करताना मी हळू होते. मुलीलाही मी हेच सांगितलं, की मला काही मारायचं नाहीये, मला दिवसातला थोडा वेळ इतकं सावकाश व्हायचंय. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे योगासारखं." मी म्हटलं हो, फक्त आवाज मोठा. क्लबच्या पहिल्या स्पर्धेत मी मध्येच कुठे तरी आले. एक गोळी कागदाला लागलीच नाही.

आपल्याकडे आत्मा मानत नाहीत. धम्म तुम्हीच शिकवलात, आणि मेल्यावर माणूस कुठे बसून पत्रं वाचत नाही हेही तुम्हीच सांगितलंत. त्यामुळे हे कुठे पाठवायचा प्रश्नच येत नाही. पण लिहायला एक कारण झालं. त्या स्पर्धेनंतर कॉफी पिताना ट्रेनरनी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी, ते पोलिसांची शस्त्रं सांभाळतात. सांभाळतात, असंच मी म्हणाले. इतकी वर्षं इथे राहून मला जर्मनमधला भूतकाळ चांगला येतो, बाबा, व्याकरण चुकलं नव्हतं. "अजून नेम धरतात का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, बोलणं झालं की त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी फार चांगलं शिकवलंय. मी म्हटलं, सांगते.

त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.