खाटेखालची खोकी

धुळे, १९९८

वाल्मीकभाऊ,

नवऱ्याला ज्यानं नेलं तो एड्स मलाही झालाय, असं आज दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "कधी निरोध वापरला नाही का?" त्यांनी विचारलं. मला हसूच आलं.

सोनगीरच्या ढाब्यावर ड्रायव्हरांना हाच आजार समजावून तू निरोध वाटायचास. त्यातल्याच एका ड्रायव्हरला तू मला सोळाव्या वर्षी दिलंस. निरोधची खोकी तर माहेरी माझ्याच खाटेखाली असायची. "हाई काय शे, भाऊ?" मी विचारलं, तर खेकसलास, "औषध शे. पोरीसनी हात लावाना नही."

हे पत्र पेटीत टाकणार नाही. बहीणभावांत असलं बोलत नाहीत ना! पण तुझं मी ऐकलं, भाऊ. कधी हात लावला नाही.

तुझी आज्ञाधारक,
मथुरा