राजाच्या तोंडावरचा छाप

नाटे,
बुधवार, ता. ५ डिसेंबर १९८४

चि. हरिश्चंद्र भाऊजींस,
मथुरावहिनीचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. चार वर्षांत तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत, तेव्हा तिकडचं काही विचारत नाही. आपल्या वाडीतला काशीराम गणपतीत आला होता. तुम्ही बोटीवरून उतरलात आणि जानेवारीपर्यंत माझगावला गावकीच्या खोलीवर आहात, असं तो म्हणाला. म्हणून हे पत्र त्या पत्त्यावर. आधी वाचा, मग हवं तर फाडा.

तुमच्या भावांनी होडीला नवं इंजिन बसवलं. आठवड्यातून दोनदा बंद पडतं, आणि दोन्ही वेळा चूक माझी असते.

आईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. अंधार-उजेड तेवढा कळतो. तरी चूल त्यांचीच, आणि बांगडा त्या अजून माझ्यापेक्षा साफ चिरतात. सोमवारी १७ तारखेला रत्नागिरीला एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी २४ला सोडतील.

तो बिस्किटांचा डबा आठवतो का? तुमचं पत्र आलं की आई आधी हात पदराला पुसायच्या. मी वाचायला लागले की म्हणायच्या, थांब गो, आधी राजाचं तोंड बघू दे. मी नवी होते, मला हसू यायचं. निरक्षर बाई, तिला तिकिटातलं काय कळणार, असं वाटायचं. मग एकदा त्यांनी डब्याच्या तळातून मामंजींचं पाकीट काढून दाखवलं.

मामंजी रंगूनला गोदीत होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बेचाळीसला जपानी आले तेव्हा बरोबरची माणसं चालत निघाली. मामंजी म्हणाले, थोडं निवळेल, मग जाऊ. पुढं त्यांनी घरी पत्र लिहिलं, तिकीट आणलं, तर इंग्रज राजाच्या तोंडावरच मोर छापलेला. राज्य बदललं, पण नवी तिकिटं छापायला सवड कुणाला? जुन्यावरच छाप मारून कारभार सुरू. ते पत्र इकडे येणारच नव्हतं. पत्र खिशात राहिलं आणि मामंजी तिकडे चार वर्षं अडकले. कुंकू पुसायचं की नाही यावर भावकीनं आईंसमोर बैठक घेतली. आईंनी पुसलं नाही. वीस-बावीस वर्षांची पोर होती हो ती! मी असते तर पुसलं असतं.

मामंजी आले, पाकीट दाखवलं, तेव्हापासून आईंनी एक गोष्ट मनाशी धरली. राजाच्या तोंडावर छाप पडला की आपल्या माणसानं तिथं एक दिवस थांबायचं नाही. थांबणारा अडकतो.

ऐंशीच्या जुलैत तुमचं पत्र आलं. तिकिटावर तिथला गादीवरून हाकललेला शहा आणि त्याच्या तोंडावर काळ्या शाईचे पट्टे. मी वाचत होते, बंदरात गर्दी आहे, माल उतरायला दोन-तीन महिने लागतील, मला खलाशांचा मुकादम, सारंग करणार आहेत. आईंचं लक्षच नव्हतं. म्हणाल्या, "ह्याचं पण तोंड झाकलं गो. आता तिथं थांबायचं नाय. त्याला ये म्हणून लिही."

आता लिहिते ते लिहायचं मी चार वर्षं टाळलं.

आई "लिही" म्हणाल्या. तार मी केली. नुसतं 'ये' लिहून कंपनी सोडणार नाही, हे मला माहीत होतं. आपल्या पोस्टात केली असती तर मास्तर लगेच आईंना बघायला आले असते, म्हणून बाजाराचं निमित्त करून एस.टी.नं राजापूरला गेले. तिथल्या मास्तरांनी विचारलं, सासू किती आजारी? मी म्हटलं, शेवटचंच. आईंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

ऑगस्टात तुम्ही दारात आलात तेव्हा आई तांदूळ पाखडत होत्या. तुम्ही विचारलंत, तार कुणी केली? मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "मी करायला लावली." माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. माझ्या खोट्यावर त्यांनी स्वतःचं नाव छापून घेतलं, आणि मी भेकडासारखी गप्प बसले.

एक माणूस उतरला की त्याच्या जागी दुसरा चढतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या जागी आपल्याच गावचा रघू गेला. महिनाभरात तिथं लढाई पेटली आणि रघू परत आला नाही. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून बोललात ते मला पाठ आहे. "तुझ्या खोट्यानं रघू मेला, आये. आता खरीच मेलीस तरी येणार नाय."

ते माझ्या वाट्याचं होतं, भाऊजी. आईंनी ते मान खाली न घालता ऐकलं. मागाहून मी रडत विचारलं, का केलंत असं? तर म्हणाल्या, आईवरचा राग आज ना उद्या निवळेल, तुझ्यावरचा निवळणार नाही, दोघा भावांत भिंत पडेल. दर मंगळवारी त्या रघूच्या आईकडे जातात. गंगुबाई पहिलं वर्षभर शिव्या घालायची, ह्या तिचं पाणी भरायच्या. आता दोघी एका पाटीतले मासे निवडतात. गंगुबाई म्हणते, रघूला बोटीवर चढताना बघणारा शेवटचा आपला माणूस हरी, तो तरी येऊन सांगू दे, पोर कसा दिसत होता.

आणखी एक कबुली. आईंची नजर गेल्यापासून मी तुमची जुनी पाकिटं त्यांच्या हातात देते आणि मनानं मजकूर वाचते. हरी बरा आहे, हरीनं विचारलंय. त्या विचारतात, तोंड साफ हाय ना? मी म्हणते, होय.

काल ऑपरेशनची तारीख कळली. आईंनी डबा मागितला, चाचपून एक पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "हे तू शिमग्याला वाचलंस, नारळी पुनवेला वाचलंस. कोपरा उंदरान खाल्लाय बघ. तू वाचायचीस, मला बरं वाटायचं. पण आता डोळे येतील गो. मग काय करशील?"

दोन वर्षं सगळं ठाऊक असून ती बाई माझी पत्रं ऐकत होती. मला बरं वाटावं म्हणून, भाऊजी. कालच मी तुमच्या भावांनाही सगळं सांगितलं. ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. बरोबरच आहे त्यांचं.

तुम्हीही नका बोलू. मी समोर आले तर तोंड फिरवा. पण आईंवर तो राग ठेवू नका. तार करत नाही, कारण आपल्या घरच्या तारेवर तुमचा विश्वास मीच उरू दिला नाही. आई मरणाला टेकलेल्या नाहीत, ठणठणीत आहेत, हे मी शपथेवर लिहिते. फक्त २४ला पट्टी सुटेल, आणि आई आधी तुमचं तोंड शोधतील. तेव्हा माझ्या हातात जुनं पाकीट नसेल.

तार करणारी,
तुमची वहिनी मथुरा