तळ्यात चार पोती हिराकस

तळेगाव (श्यामजी पंत),
१२ मार्च २००९

चि. गोपाल यास रूपरावमामाचे आशीर्वाद. तू बोटीवरून गोव्याला उतरला असशील आणि पोटातलं ढवळणं थांबलं असेल, असं धरून चालतो. आमच्या तब्येतीचं विचारू नकोस. दमलेल्या माणसाला नेमकं काय दुखतं ते सांगता येत नाही.

तुझं मागचं पत्र (समुद्रात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की शेवाळ वाढतं, ते हवेतला कार्बन खातं आणि मरून तळाशी बसतं) मी ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं. चूक तिथंच झाली. पण भाचा जगाचा ताप उतरवायला निघाला म्हटल्यावर मामाला गप्प बसवत नाही. आपल्याकडे संत्र्याची झाडं पिवळी पडली की हिराकसच देतात, त्यामुळे सगळ्यांना पटलं. कृषी केंद्रवाल्या मोतीलालला जरा जास्तच पटलं. दुसऱ्या दिवशी गावतळ्यात चार पोती पडलेली. (दुकानात जुना माल पडून होता, हे मी बोलत नाही.)

शेवाळ राहिलं बाजूला, पाणी गंजासारखं तांबडं झालं. म्हशी काठावरून परतल्या. बायांची धुणी पिवळी झाली, त्यात तुझ्या मामीचं पांढरं पातळही गेलं. तळ्यात मासोळी सोडणारा चिंधू भोई डोक्याला हात लावून बसला. त्याचे मासे उलटे तरंगत होते. मला त्याच्याकडे बघवेना.

पुन्हा सभा भरली. मी समजावलं, की बाबांनो, गोपालची बोटसुद्धा परवानगीसाठी अडली होती, समुद्रात काही टाकायला जगाचे कायदे आहेत, शास्त्रज्ञ मोजूनमापून टाकतात. विमलाबाई पिवळं धुणं घेऊनच आली होती. म्हणाली, "काऊन जी गुरुजी, तळं आमचं, तं आमाले नाई विचारलं. समुद्र कोनाचा हाय? तिथल्या मान्साईले तरी विचारलं का?"

तीस वर्षं शाळेत शिकवलं, गोपाल, पण तिथं फळ्याकडे तोंड फिरवायचीही सोय नव्हती.

शेवटी ठराव झाला: गावाला विचारल्याशिवाय तळ्यात कोणी काही टाकू नये, आणि चिंधूला नवं मत्स्यबीज मोतीलालनं द्यावं. देखरेख समितीचा अध्यक्ष मी. नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

तुझा,
रूपरावमामा

ता. क. – तुमच्या बोटीनं कोणाकोणाला विचारलं होतं, ते दोन ओळींत कळव. विमलाबाई रोज दारावरून जाताना थांबते.

आणखी एक – मोतीलालनं पोती फक्त विकली. तळ्यात ओतली मी. त्या भल्या माणसानं गावासमोर माझं नाव घेतलं नाही. तुझी मामी माझं प्रत्येक पत्र वाचूनच पोस्टात टाकायला देते, म्हणून वर तसं लिहिलं. हे पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून लिहितो आहे. उद्या वर्ध्याहून मत्स्यबीज मीच आणणार. घरी सांगितलंय, चष्म्याचा नंबर काढायला जातो.